कुंडीतल्या बागेचा हिवाळा ऑक्टोबरातच सुरू होतो

महाराष्ट्रातील शहरांत हिवाळी बागेची आठवण बहुधा डिसेंबरात होते. रोपवाटिकांच्या दारात पिटुनिया, डायअँथस, पॅन्झी यांची फुललेली रोपे मांडली जातात, पुण्यातील एम्प्रेस गार्डन आणि मुंबईतील राणीची बाग येथील पुष्पप्रदर्शनांची चर्चा सुरू होते आणि आपल्याही गच्चीवर चार रंग असावेत, असे अनेकांना वाटू लागते. त्या वेळी विकत आणलेली रोपे काही आठवडे शोभा देतात. त्या वेळी पेरलेले बी मात्र फुलायला येईपर्यंत मार्च उजाडतो आणि उन्हाच्या पहिल्या तडाख्यातच रोपे माना टाकतात. बी चांगले असते, निगाही नीट घेतलेली असते. चुकलेली असते ती वेळ.

युरोप-अमेरिकेतील बागकामाच्या पुस्तकांत हिवाळ्याची तयारी म्हणजे कुंड्या घरात घेणे, मुळे गोठू नयेत म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळणे आणि वसंताची वाट पाहणे. आपल्या हवामानात या सल्ल्याचा फारसा उपयोग नाही. येथे रब्बीचा शेतकरी ज्या दिवसांत पेरणी करतो, तेच कुंडीतील बागेचेही मुख्य हंगामाचे दिवस असतात. कोथिंबीर, पालक, कोबी, टोमॅटो, शेवंती, गुलाब या साऱ्यांना मानवणारे दिवस आणि रात्री वर्षातून याच चार महिन्यांत मिळतात. त्यामुळे आपल्याकडील हिवाळ्याची तयारी ही झाडे झाकून ठेवण्याची नसून हंगाम साधण्याची तयारी आहे, आणि ती पाऊस थांबताच सुरू करावी लागते.

उलटा हिशेब

भारतीय हवामान विभागाने २०२० साली सुधारित केलेल्या वेळापत्रकानुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. तेथून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत जेमतेम वीस आठवडे हाती येतात. पिटुनियासारख्या हंगामी फुलझाडाला बी पेरल्यापासून फुले येण्यास दहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले रोप नाताळच्या सुमारास फुलते आणि दीड-दोन महिने फुलत राहते. तेच बी डिसेंबरच्या मध्यावर पेरले, तर फुलण्याच्या ऐन वेळी पारा चढू लागतो.

भाज्यांचे गणितही असेच आहे. मेथी तीन ते चार आठवड्यांत, पालक पाच आठवड्यांत, मुळा आणि कोथिंबीर साधारण सहा आठवड्यांत काढणीस येते. म्हणून पालेभाज्यांच्या बाबतीत उशीर झाला तरी एखादी पेरणी साधता येते. टोमॅटोला ही सवलत नाही. रोप कुंडीत लावल्यापासून पहिले फळ पिकायला दोन-अडीच महिने लागतात आणि रात्रीचे तापमान चढे राहिले, तर फुले येऊनही फळ धरत नाही, ती गळून पडतात. मार्च-एप्रिलमध्ये टोमॅटोला नुसतीच फुले येतात, या नेहमीच्या तक्रारीमागचे मोठे कारण हेच आहे. कोथिंबीर आणि लेट्यूस यांनाही उष्णता लागली की पाने धरण्याऐवजी तुरा येतो आणि चव कडवट होते.

पेरणीची घाई करतानाच ऑक्टोबरच्या उन्हाचे भान ठेवावे लागते. पाऊस गेल्यानंतरचे हे दोन-तीन आठवडे मुंबईसह कोकणात विलक्षण तापतात. कोवळी रोपे या उन्हात होरपळतात. म्हणून बियांचे ट्रे पहिले दहा-बारा दिवस हिरव्या जाळीखाली किंवा केवळ सकाळचे ऊन मिळेल अशा जागी ठेवावेत आणि चार ते सहा पाने फुटल्यावर रोपे मोठ्या कुंडीत हलवावीत. पिटुनियाचे बी धुळीसारखे बारीक असते आणि उगवण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. ते कोरड्या वाळूत मिसळून मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये. धने हलक्या हाताने रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर भिजवून पेरावेत. मुळा आणि गाजर यांचे रोप हलवलेले चालत नाही, त्यांचे बी थेट कुंडीतच टाकावे.

भांड्याची खोलीही आधी ठरवलेली बरी. पालेभाज्यांना सहा इंच माती पुरते, मुळ्याला आठ ते दहा इंच लागते, तर टोमॅटोसाठी बारा इंची कुंडी आणि त्यात एकच रोप हे प्रमाण योग्य ठरते. एका कुंडीत तीन टोमॅटो लावले की तिन्ही उपाशी राहतात.

पावसाने धुतलेली माती

कुंडी ही शेतासारखी मोकळी जमीन नव्हे. शेतातील पिकाची मुळे अन्नाच्या शोधात खोल जाऊ शकतात. कुंडीतल्या झाडाला मात्र त्या दहा-पंधरा लिटर मातीतच सारे भागवावे लागते. चार महिने पावसाची धार झेललेल्या कुंडीतून विरघळणारी अन्नद्रव्ये, विशेषतः नत्र, तळाच्या भोकावाटे वाहून गेलेली असतात. थेंबांच्या माऱ्याने वरचा थर दडपतो, त्यावर शेवाळ धरते आणि मातीतील हवेच्या पोकळ्या बुजतात. अशा मातीत नवे बी पेरून वरून पाणी घातले, तर मुळांना अन्नही मिळत नाही आणि हवाही.

म्हणून हंगामी झाडांच्या कुंड्या पाऊस संपताच रिकाम्या कराव्यात. माती जुन्या चादरीवर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी, ढेकळे फोडावीत, जुनी मुळे आणि हुमणीसारख्या अळ्या वेचून काढाव्यात. नंतर दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग धुतलेले कोकोपीट असे मिश्रण करून त्यात बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीट धुण्याचा कंटाळा करू नये, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि ते कोवळ्या मुळांना बाधतात. कायमस्वरूपी झाडांची माती बदलण्याची गरज नाही. वरचा दोन-तीन इंचांचा थर खुरप्याने उकरून काढावा आणि त्या जागी खत भरावे.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा किंवा खडीचा जाड थर द्यावा, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत आहे. मात्र पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच्या मातीत अडून राहते. त्यामुळे जाड थराने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. भोक बुजू नये एवढ्यापुरती एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरेसा आहे. निचऱ्याचा खरा उपाय म्हणजे माती हलकी करणे आणि भोके मोकळी ठेवणे.

खताच्या बाबतीतही वेळेला महत्त्व आहे. सेंद्रिय खताचे अन्न झाडाला मिळते ते मातीतील जीवाणूंमार्फत आणि थंडी वाढली की त्यांचे काम मंदावते. नाशिक किंवा नागपूरसारख्या ठिकाणी जानेवारीत घातलेल्या शेणखताचा परिणाम दिसायला बराच काळ जातो. म्हणून भरखत ऑक्टोबरातच मातीत मिसळावे आणि पुढे दर पंधरा दिवसांनी पेंडेचे आंबवलेले पाणी किंवा गांडूळखताचा अर्क पातळ करून द्यावा.

हलक्या मातीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे गच्चीवर पडणारा भार. ओल्या साध्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून आणि प्रयोग परिवारातून मांडलेल्या विचारांत पालापाचोळ्यापासून सकस माती घडवण्यावर भर होता. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडाचा आधार घेऊन गच्चीवर भाज्या व फळे पिकवून दाखविली, तर प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओला कचराच बागेचा आधार बनविला. मातीचा वाटा कमी आणि कुजलेल्या पाल्याचा वाटा अधिक, हे या प्रयोगांचे सूत्र शहरी घरांना आजही उपयोगी पडणारे आहे.

ऊन दक्षिणेला सरकते

सदनिकेत राहणाऱ्यांच्या हिवाळी बागेचे यशापयश पुष्कळदा खतापेक्षा गॅलरीच्या दिशेवर ठरते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यानंतर तो दक्षिणेकडे झुकू लागतो आणि २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. नागपुरात तो याहून थोडा खाली असतो.

याचा अर्थ असा, की उन्हाळ्यात ऊन मिळणारी उत्तरेची गॅलरी हिवाळ्यात दिवसभर सावलीत जाते, तर छज्जामुळे मे महिन्यात कोरडी राहिलेली दक्षिणेची गॅलरी डिसेंबरात आतपर्यंत उन्हाने भरते. समोर उंच इमारत असेल, तर तिची सावलीही या दिवसांत लांब पडते. त्यामुळे कुंड्या जून महिन्यात जेथे होत्या तेथेच ठेवून हिवाळी फुलांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी आठ, दुपारी बारा आणि सायंकाळी चार वाजता ऊन कोठवर येते हे खडूने आखून ठेवले, तर सारी मांडणी सोपी होते. पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा फुलझाडे, टोमॅटो आणि कोबी यांना द्यावी. तीन-चार तासांच्या जागी पालक, मेथी, पुदिना ठेवावा. ज्या घरांना केवळ उत्तरेची गॅलरी आहे, त्यांनी पिटुनियाच्या मागे न लागता पानांच्या शोभेची झाडे जोपासावीत.

कुंड्या हलवताना त्या कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर येणार नाहीत, याची दक्षता घेणे आवश्यक आहे. उन्हाच्या एका तुकड्यासाठी खालून जाणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे समर्थनीय नाही.

शेवंतीला काळोख हवा

हिवाळी फुलांत शेवंतीचे स्थान मानाचे. मात्र रोप उत्तम वाढूनही कळ्या येत नाहीत, अशी तक्रार शहरांत वरचेवर ऐकू येते. त्यामागे पुष्कळदा रस्त्यावरचा दिवा असतो. शेवंती आणि पॉइन्सेटिया ही झाडे रात्रीची लांबी ओळखतात. रात्र पुरेशी मोठी झाली की त्यांच्यात कळ्या धरण्याची प्रक्रिया सुरू होते. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस रात्र सुमारे तेरा तासांची असते, म्हणजे निसर्गाने त्यांची सोय केलेली आहे. परंतु गॅलरीत रात्री अकरापर्यंत दिवा जळत असेल किंवा समोरच्या खांबावरचा प्रखर दिवा थेट पानांवर पडत असेल, तर झाडाच्या लेखी ती रात्र लहानच राहते.

उपाय साधा आहे. ऑक्टोबरपासून कळ्या स्पष्ट दिसेपर्यंत या कुंड्या सायंकाळनंतर प्रकाश पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवाव्यात किंवा सायंकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत त्यांच्यावर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावे. यात सातत्य महत्त्वाचे. मध्यरात्री लागलेला दिवाही ही साखळी तोडू शकतो. दिवाळीच्या रोषणाईच्या माळा शेवंतीच्या कुंडीभोवती गुंडाळण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

पाण्याची जुनी सवय

हिवाळ्यात कुंडीतील झाडे थंडीने मरत नाहीत, तेवढी पाण्याने मरतात. ऑक्टोबरच्या उन्हात रोज झारीभर पाणी घालण्याची सवय लागते आणि हवा गार झाली तरी हात थांबत नाही. तापमान उतरल्यावर बाष्पीभवन कमी होते, झाडाचे पाणी ओढणेही मंदावते. ओल साचून राहिली की मुळे गुदमरतात आणि सडू लागतात. मग पाने पिवळी पडून मलूल होतात आणि ती सुकली, असे समजून आणखी पाणी घातले जाते. अनेक कुंड्यांचा शेवट असाच होतो.

पाणी घालण्यापूर्वी बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहणे हाच विश्वासार्ह निकष आहे. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून सुकते, प्लॅस्टिकच्या कुंडीत ते टिकते. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांनाही सारखे पाणी देणे योग्य नव्हे. उंच मजल्यांवरील वाऱ्याच्या गॅलरीत मात्र कोरड्या हवेमुळे लहान कुंड्या हिवाळ्यातही लवकर सुकतात, तेथे हाच निकष अधिक पाण्याचा कौल देईल. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. सायंकाळी ओली झालेली पाने रात्रभर ओलीच राहतात आणि बुरशीला आयते आमंत्रण मिळते.

कुंडीखालच्या ताटल्यांकडे या दिवसांत विशेष लक्ष हवे. पावसाळ्यानंतरचे हे महिने डेंग्यूचेही असतात आणि तो पसरविणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून कडा घासून काढाव्यात, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

फुलणारी आणि विसावणारी झाडे

सर्व झाडांसाठी हिवाळा सारखा नसतो. गुलाबासाठी तो वैभवाचा काळ आहे. पाऊस पूर्ण थांबल्यावर ऑक्टोबरच्या मध्याला गुलाबाची छाटणी करावी. वाळलेल्या, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या काढाव्यात, काप बाहेरच्या डोळ्याच्या थोडा वर तिरका घ्यावा आणि कापलेल्या टोकाला बोर्डो मलम लावावे. छाटणीनंतर साधारण सहा ते सात आठवड्यांत नवा बहर येतो.

मोगऱ्याचे वेळापत्रक याच्या उलट आहे. त्याचा बहर उन्हाळ्यात असल्याने हिवाळ्यात त्याला विश्रांती द्यावी, पाणी कमी करावे आणि थंडी ओसरण्यापूर्वी छाटणी करून खत द्यावे. अडेनियमची पाने गळू लागली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. ते झोपी जाणारे झाड आहे. त्याला या काळात अगदी मोजके पाणी हवे. कढीपत्ता, जास्वंद, मनीप्लँट यांची वाढ थंडीत मंदावते, अशा वेळी खताचा मारा केल्याने ती वाढत नाहीत. तुळशीच्या विवाहानिमित्त वृंदावनाला रंग दिला जातो, त्याच वेळी मंजिऱ्या खुडून टाकल्या तर रोपाची शक्ती बी धरण्यात न जाता नव्या पानांकडे वळते. वाळलेल्या मंजिऱ्यांतील बी मात्र जपून ठेवावे, कारण कडाक्याच्या थंडीत जुने रोप दगावण्याची शक्यता असते.

थंडी कोठे, किती?

मुंबईत थंडीपासून झाडांना वाचविण्याची वेळ क्वचितच येते. सांताक्रूझ वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तो अपवादच. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता आणि आजही काही रात्री तो एक आकडी होतो. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातील नीचांकाच्या बातम्या तर दरवर्षीच्या. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, तेव्हा नाशिक, पुणे, विदर्भ आणि मराठवाड्यातील गच्च्यांवरील मिरची, वांगी, तुळस व पानांची शोभिवंत झाडे यांना धोका असतो.

अशा रात्रींसाठी कुंड्या भिंतीलगत आणि एकमेकींना खेटून ठेवाव्यात. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. उघड्या गच्चीवरील नाजूक रोपांवर सायंकाळी जुने सुती कापड किंवा गोणपाट काठ्यांच्या आधाराने पांघरावे आणि ऊन येताच काढून टाकावे. प्लॅस्टिक थेट पानांना टेकू देऊ नये.

किडींच्या बाबतीत हिवाळा निर्धोक नाही. कोवळ्या शेंड्यांवर मावा, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि गुलाबावर भुरी हे नेहमीचे पाहुणे. प्रादुर्भाव दिसताच किडलेला शेंडा खुडावा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुऊन काढावा आणि एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व सौम्य साबणाचे काही थेंब मिसळून सकाळी लवकर पानांच्या खालच्या बाजूस फवारावे. थंड, स्तब्ध हवेत शहरातील धूळ पानांवर बसते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी पाने धुतल्यास झाडांना प्रकाश नीट मिळतो. गच्चीवरची पालेभाजी घरची असली तरी ती स्वच्छ धुऊनच शिजवावी.

हिवाळी कुंड्यांचे वेळापत्रक

ऑक्टोबर, पहिला पंधरवडा : हंगामी कुंड्या रिकाम्या करून माती वाळविणे, मिश्रण तयार करणे, पिटुनिया, फ्लॉक्स, ॲस्टर, डायअँथस आणि टोमॅटो, कोबी, फ्लॉवर यांचे बी ट्रेमध्ये पेरणे.

ऑक्टोबर, दुसरा पंधरवडा : गुलाबाची छाटणी, दक्षिणेच्या उन्हानुसार कुंड्यांची फेरमांडणी, शेवंतीला रात्रीचा काळोख, मेथी, पालक, कोथिंबिरीची पहिली पेरणी.

नोव्हेंबर : रोपे मोठ्या कुंड्यांत हलविणे, मुळा, गाजराची पेरणी, हवा गार होताच पाणी कमी करणे, दर पंधरा दिवसांनी द्रवखत.

डिसेंबर-जानेवारी : पालेभाज्यांच्या दर पंधरा दिवसांनी थोड्या थोड्या पेरण्या, सुकलेली फुले खुडणे, म्हणजे नव्या कळ्या येत राहतात, कडक थंडीच्या रात्री पांघरूण, मावा व भुरीवर लक्ष.

फेब्रुवारी : मोगऱ्याची राहिलेली छाटणी उरकणे, उत्तम फुलांचे बी धरणे, वाढत्या उन्हाबरोबर पाणी पुन्हा वाढविणे.

ज्यांचा ऑक्टोबर हुकला असेल, त्यांनी डिसेंबरात फुलांचे बी पेरण्याऐवजी पालेभाज्यांकडे वळावे. पाच-सहा आठवड्यांचे पीक अजूनही हाती लागते. फुलांसाठी रोपवाटिकेतून रोपे घ्यायची झाल्यास पूर्ण उमललेल्या रोपापेक्षा कळ्यांनी भरलेले, आखूड पेरांचे आणि तळाच्या भोकातून मुळे बाहेर न आलेले रोप निवडावे. ते घरी आल्यावर फुलते आणि अधिक काळ टिकते.